आप्तांतर

माझ्या भावाला ज्याने मारलं, त्या माणसाचा मला हेवा वाटत होता. राग वाटत होता असं म्हटलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती, सांत्वनाचे दोन शब्दही बोलले असते. राग होता, नाही कशाला म्हणू. पण पहिल्या पाच-सहा वर्षांत तो झिजला. हेवा मात्र दर गुरुवारी सकाळी साडेसातला नव्याने सुरू व्हायचा, कारण त्या वेळी माझी आई इस्त्रीची साडी नेसून त्याला भेटायला तुरुंगात निघायची.

"निवासचा खोकला गेला का बघायला पाहिजे," केसांना पिन लावत ती म्हणाली. "मागल्या खेपेला बोलताना धाप लागत होती त्याला."

"माझाही घसा चार दिवस धरलाय," मी म्हटलं.

"मग हळद-दूध घे की. तू काय लहान आहेस होय आता?"

मी बेचाळीस वर्षांची, निवास ढोबळे सदतीसचा. लहान दोघंही नव्हतो. पण त्याला फाशीची शिक्षा झालेली होती आणि मला नव्हती, त्यामुळे त्याचा खोकला मोठा.

आमचं घर मिरजेत. घरात आम्ही दोघीच. आई, म्हणजे सुलोचना मगदूम, वय बहात्तर. आणि मी त्रिशला, मोजणी खात्यात भूकरमापक. शेतांच्या हद्दी मोजायच्या, नकाशा काढायचा आणि बांधावरून एकमेकांच्या उरावर बसलेल्या भावांच्या त्यावर सह्या घ्यायच्या, हे माझं काम. वडील लवकर गेले. मी लग्न केलं नाही. अभी गेल्यावर आईला एकटं टाकून कुठे जाणार, असं सगळे म्हणाले आणि मीही म्हणाले. आई मात्र तसं कधी म्हणाली नाही.

अभी म्हणजे अभिनंदन, माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. नवसाचा. तो झाला त्या दिवशी मला आत्याकडे पाठवलं आणि तीन आठवडे आणायलाच विसरले, हे घरात गंमत म्हणून सांगतात. तेविसाव्या वर्षी तो तासगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर म्हणून लागला. बेदाण्याची हजारो पोती ठेवायचं गोदाम. एका पाडव्याला, सगळे सुट्टीवर असताना, तिघं जण बेदाणा पळवायला आले. अभी आतल्या खोलीत होता. गार करायच्या यंत्रातला अमोनियाचा व्हॉल्व्ह त्यांनी मोडला आणि खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातली. कडी घालणारा निवास, तेव्हा बावीस वर्षांचा. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं: आतून दार ठोकलं जातंय आणि हा कडीवर हात ठेवून उभा आहे. अकरा मिनिटं. ठोकणं थांबल्यावर तो निघून गेला. बाकी दोघांना जन्मठेप झाली, याला फाशी. गुन्हा दुर्मिळात दुर्मीळ क्रौर्याचा आहे, असं न्यायालयाने लिहिलं.

अपिलं, पुनर्विचार, दयेचा अर्ज यांत वर्षं गेली. मधल्या काळात तुरुंगात चरित्रवहीचा प्रयोग सुरू झाला. ज्याचा जीव घेतला त्याचं आयुष्य कैद्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, एका वर्षाला एक वही. माहिती मेलेल्याच्या घरच्यांकडून घ्यायची; ते तयार असतील तरच. आई तयार झाली ती दयेपोटी नव्हे. "काय नेलं ते त्याला कळू दे," ती दात आवळून म्हणाली होती. "एकेक दिवस लिहून घेते त्याच्याकडून."

अकरा वर्षं झाली त्याला. अभीचे दात कधी आले, पहिल्यांदा सायकलवरून कुठे पडला, कुठल्या मास्तरांनी मारलं, सगळं तिने सांगितलं आणि त्याने लिहिलं. तेवीस वह्या भरल्या. मग तो म्हणाला, अक्षर चांगलं आलं नाही, पुन्हा लिहितो. आई खूश. सुरुवातीला तो तिला 'काकू' म्हणायचा. पाचव्या वर्षी एका गुरुवारी ती घरी आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "आज 'आई' म्हणाला गं मला. चुकून निघालं तोंडातून, मग लाजला." मी त्या दिवशी जेवले नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

आम्ही जैन; आमच्यात क्षमावणीच्या दिवशी वर्षभरातल्या चुकांबद्दल हात जोडून एकमेकांची क्षमा मागतात. निवासचं पत्र त्या दिवशी न चुकता यायचं आणि आई ते देव्हाऱ्यात ठेवायची. मीही दरवर्षी तिच्यापुढे हात जोडायची. "असू दे, असू दे," ती म्हणायची आणि पत्राचं पाकीट फोडायची.

वह्यांच्या अकराव्या वर्षी दयेच्या अर्जांचे नियम बदलले. 'कैदी सुधारला आहे' हे आता जेलरच्या शेऱ्यावर किंवा वकिलाच्या भाषणावर ठरणार नव्हतं. आप्तांतर चाचणी सक्तीची झाली. तिच्यासाठी मेलेल्या माणसाच्या जवळच्या एका नातेवाइकाची मोजणी आधी लागायची. तसं पत्र आमच्या घरी आलं.

आईच्या छातीत जुन्या पद्धतीचा पेसमेकर. चाचणीच्या यंत्रात मोठा चुंबक असतो, त्याच्याजवळ तिला नेता येत नव्हतं. अभीचं लग्न झालेलं नव्हतं. रक्ताची उरले मी.

"जाशील?" आईने विचारलं. पत्र तिच्या हातात होतं.

"कशाला? त्याला सोडवायला?"

"सोडवतंय कोण? तुरुंगातच राहणार की. जिवंत राहील, एवढंच."

"अभी राहिला?"

"अभी गेला तो गेला, त्रिशला. ह्याला लटकवून मला काय परत मिळणार आहे?" ती खाली बसली. "अकरा वर्षं मेहनत घेतली मी त्याच्यावर. ज्यानं कडी घातली त्याला मी किती शोधलं त्याच्यात. पहिली दोन-तीन वर्षं दिसायचा. आता नाही गं सापडत. मग फास घालणार कुणाला?"

अकरा वर्षांची मेहनत! माझी दहावी, बारावी, खात्याची परीक्षा, यांतल्या एकाही दिवशी आईने मला साधं 'पेपर कसा गेला' म्हणून विचारलेलं नव्हतं. माझ्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं, पण सांगते. मोजू दे, असं मला वाटलं. एकदाचं मोजलं जाऊ दे. वह्या लिहून कुणी भाऊ होत नाही. मी सख्खी बहीण. माझं अंतर आणि त्याचं अंतर शेजारी मांडलं की आईलाही दिसेल, आपला कोण आणि परका कोण. आयुष्यभर मोजणी करणाऱ्या बाईलाच अशी खात्री वाटू शकते.

"जाते," मी म्हटलं.

डॉ. नसीमा बारगीर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या. चाचणी त्यांच्याच केंद्रात होती. मला त्यांनी आधी समोर बसवलं.

"कपाळाच्या मागे, मेंदूच्या अगदी पुढच्या बाजूला, मधोमध एक पट्टा असतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतःबद्दल विचार करता, म्हणजे मी हट्टी आहे का, मी भित्री आहे का, तेव्हा तिथल्या पेशींच्या हालचालीची एक नक्षी उमटते. प्रत्येकाची वेगळी. आता आईबद्दल विचार केलात, की उमटणारी नक्षी तुमच्या स्वतःच्या नक्षीशी बरीच जुळते. शेजाऱ्याबद्दल केलात तर कमी. रस्त्यावरच्या माणसाची जवळजवळ जुळतच नाही. जवळच्या माणसाला मेंदू थोडं 'मी'मध्येच धरतो, ताई. हे पूर्वीपासून माहीत होतं. आता चुंबक इतके बारीक झालेत आणि नक्षी वाचणारे प्रोग्रॅम इतके तयार झालेत, की ते अंतर आकड्यात सांगता येतं. आपण स्वतः शून्यावर. अगदी अनोळखी माणूस शंभरावर."

"आणि खुनी?"

"खून करणाऱ्याच्या डोक्यात मेलेला माणूस बहुतेक वेळा नव्वदीच्या पुढे असतो. वस्तूसारखा. पश्चात्तापाची भाषा पाठ झालेली असली तरी. भाषा तोंडाला येते, या पट्ट्यात येत नाही."

"कुणी आत पडून ढोंग केलं तर?"

"ढोंग करायला मेंदूचा दुसरा भाग कामाला लावावा लागतो. तो लगेच पेटलेला दिसतो आणि चाचणी रद्द होते. मुद्दाम भलता विचार केला तरी तेच."

मी विचारलं, की माझी मोजणी कशाला. त्या म्हणाल्या, अभिनंदनवर माया असणाऱ्या माणसाच्या मनात तो किती अंतरावर आहे ते आधी कळलं, तरच कैद्याचं अंतर कशाशी तरी ताडता येईल.

"आधारबिंदू," मी म्हटलं. "आमच्याकडेही मोजणी सुरू करायच्या आधी एक पक्का दगड शोधतात."

"तेच," त्या हसल्या.

यंत्राच्या नळकांड्यात मी तासभर पडून होते. डोळ्यांपुढे एकेक नाव आणि त्याखाली प्रश्न यायचा. मी स्वतः, आई, अभिनंदन, एक अनोळखी बाई आणि निवाससुद्धा. माझ्या मनातल्या वैराने मोजणी बिघडत नाही ना, हे तपासायला तो घालावा लागतो म्हणे. 'अभिनंदन मदत मागायला लाजायचा का?' मला आठवेना. 'अभिनंदन एकटा असताना घाबरायचा का?' काय माहीत. तो एकटा कधी असायचाच नाही, आई असायची. 'निवास हट्टी आहे का?' हो, आहे. खोकल्याचं औषध घेत नाही. आई कांदा-लसूण खात नाही म्हणून याने तुरुंगात सोडलाय आणि डॉक्टरने सांगूनही खात नाही. त्याच्याबद्दलच्या प्रश्नांना मला क्षणभरही थांबावं लागलं नाही.

आठवड्याने डॉक्टरांनी बोलावलं. दार लावून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

आई चोवीस. अनोळखी बाई सत्त्याण्णव. अभिनंदन एकसष्ट. निवास ढोबळे एकोणीस.

"ओळी उलटसुलट झाल्यात," मी म्हटलं.

"नाही, ताई."

"म्हणजे माझं याच्यावर प्रेम आहे, असं म्हणणं आहे तुमच्या मशीनचं?"

"मशीन प्रेम मोजत नाही. अंतर मोजतं. ज्याचा विचार आपण रोज करतो, ज्याच्या जागी स्वतःला सारखं ठेवून बघतो, तो जवळ येऊन बसतो. मग वैरी का असेना."

"आणि त्याचं? त्याच्या डोक्यात अभी किती?"

"तेहतीस."

"पुन्हा मोजा," मी म्हटलं. हे वाक्य मी हजार बांधांवर ऐकलं आहे. हद्द चुकीच्या बाजूला गेली की माणूस तेच म्हणतो. त्यांनी पुन्हा मोजलं. अभिनंदन साठ आला.

पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. पन्नासच्या वरचा आधार नियमाने अपात्र. तेवढं अंतर आपलं नुसत्या ओळखीच्या माणसाशी असतं. आधार अपात्र, तर चाचणी रद्द. दुसरा नातेवाईक नाही, तेव्हा दयेचा अर्ज निकालात निघणार आणि फाशीची तारीख पडणार. कारण म्हणून 'तांत्रिक' एवढंच लिहिलं जाईल. आकडा बाहेर येणार नाही, आईलाही कळणार नाही. मी गप्प बसायचं, बस.

"आणि गप्प बसले नाही तर?"

"तर समितीपुढे उभं राहून सांगायचं, की हे अंतर खरंच माझं आहे, आमचं नातं असंच होतं. मग आधार ग्राह्य धरतात. त्याचे तेहतीस त्यात सहज बसतात. पण सुनावणीला घरची माणसं हजर असतात, ताई. तुमच्या आई असतील."

मी घरी आले. आई म्हणाली, "झालं का गं सगळं नीट?" मी म्हटलं, झालं. मला फक्त गप्प बसायचं होतं. आमच्या घरात गप्प बसायची सवय मला होतीच.

सुनावणीच्या चार दिवस आधी मी तुरुंगात गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. ज्याच्यावरून मी अकरा वर्षं जळत होते त्याला एकदा समोरून बघावं, असं काहीसं असेल.

निवास बारीक होता आणि त्याला टक्कल पडायला लागलं होतं. मला पाहून तो उभाच राहिला.

"बसा, ताई."

"दार का उघडलं नाहीस?" मी उभ्यानेच विचारलं.

त्याने मान खाली घातली नाही. "उघडलं आसतं तर त्यानं मला वळकलं आसतं, एवढंच डोक्यात हुतं. आत मानूस हाय ह्ये डोक्यातच न्हवतं. दार वाजतंय, एवढंच."

"आणि आता पुळका आला."

"पुळका न्हवं, ताई. आता त्यांची सातवीतली कवायतीची टोपी हरवली, ते लिवताना बी वाईट वाटतं. कसं रडलं आसतील. मास्तरांनी उन्हात उभं केलं हुतं त्यास्नी."

ती टोपी हरवली नव्हती. आईने अभीसाठी दोन टोप्या आणल्या होत्या आणि माझे कॅनव्हासचे बूट 'पुढल्या महिन्यात' म्हणून ठेवून दिले होते, तेव्हा एक मी गल्लीतल्या विहिरीत टाकली आणि दुसरी चुलीत. हे आईला माहीत नव्हतं, त्यामुळे त्याच्या वहीतही नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच अभीबद्दल मला त्याच्याहून जास्त काही ठाऊक होतं, आणि ते हे होतं.

"तुला जगायचंय?" मी विचारलं.

"व्हय," तो लगेच म्हणाला. "इथं सायेब म्हनतात, मनाची तयारी कर. न्हाई हुत. जगायचंय मला. पर मागायला त्वांड न्हाई."

मी जायला वळले आणि मग जे विचारायला आले होते ते विचारलं. "आई माझ्याबद्दल काय सांगते?"

तो गोंधळला. आठवू लागला. त्याला खोटं बोलता आलं असतं. माझी तेवढी तरी सोय त्याने करायला हवी होती.

"तुमचं कवा काय बघावं लागलं न्हाई, म्हनतात. तुमी आपलं आपन केलं सगळं."

"आणखी?"

"आनी... एवढंच, ताई."

दुसऱ्या दिवशी मालगावला मोजणी होती. दोन भाऊ, एक बांध. यंत्र लावलं तर बांध धाकट्याच्या बाजूला सव्वा मीटर सरकलेला. थोरला तावातावाने म्हणाला, "पुन्हा मोजा, मॅडम." मी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. तो सही करीना. तासभर मी उन्हात उभी आणि डोक्यात दुसरंच.

गप्प बसले, की निवास जाणार. मग गुरुवार मोकळे होणार. आई घरी राहणार. इथपर्यंत विचार करून मला बरं वाटलं, लपवत नाही. पण मग पुढचं दिसलं. भिंतीवर अभीचा हार घातलेला फोटो आहे, तसा दुसरा लागणार. आमची आई खुन्याचा फोटो भिंतीला लावेल का? लावेल. आणि मग गुरुवारच काय, सातही दिवस त्याचेच. अभी जिवंत होता तेव्हा आईशी भांडायचा, परीक्षेत नापास व्हायचा, तिला न सांगता सिनेमाला जायचा. तेव्हा माझी थोडी तरी गणती होती. तो मेला आणि त्याने चुका करायच्या बंद केल्या. मेलेल्या माणसाशी कसली बरोबरी करणार? पंधरा वर्षं मी एका मेलेल्याशी ती करत होते आणि रोज हरत होते. दुसरा मला झेपणार नव्हता. निवास जिवंत राहिला, तर कधीतरी आईला उलट बोलेल, कधी पत्र टाकायला विसरेल, म्हातारा होऊन कटकट करेल.

याला कुणाला दया म्हणायचं असेल तर म्हणो. मला त्या बांधावर निवासची दया आली नव्हती. शेवटी थोरल्याने सही केली आणि मी यंत्र मिटलं. तिथूनच डॉक्टरांना फोन करून सांगितलं, की मी समितीपुढे उभी राहते.

सुनावणीच्या खोलीत समितीचे चौघं होते. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई. मागच्या बाकावर आई, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली. निवास कोपऱ्यातल्या पडद्यावर, तुरुंगातून जोडलेला. डॉक्टरांनी आकडे वाचून दाखवले. माझे वाचताना त्यांनी कागदावरून डोळे वर केले नाहीत. एकसष्ट हा आकडा त्या छोट्या खोलीत फार मोठा वाटला. मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही.

"मुळात माझा प्रश्न आहे," समितीतले एक गृहस्थ म्हणाले. "मेलेला माणूस याच्या मनात जवळ आला, म्हणून याला माफ करायचं? उद्या प्रत्येक खुनी वह्या लिहीत बसेल."

"अकरा वर्षं लिहून बघू देत की," अध्यक्ष म्हणाल्या. "डॉक्टर, तुमचं मशीन काय म्हणतं? माफ करावं?"

"मशीन तसं काही म्हणत नाही, मॅडम. कडी घालणाऱ्याच्या डोक्यात आत माणूस नव्हता. आज या कैद्याच्या डोक्यात आहे. एवढंच मोजलेलं आहे. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं."

मग अध्यक्ष माझ्याकडे वळल्या. "त्रिशलाताई, हा आकडा तुमचा आहे, हे तुम्हाला मान्य आहे?"

"आहे."

"तुम्ही सख्ख्या बहीण. एकाच घरात वाढलात. मग?"

"तो जन्मल्यापासून मला नको होता," मी म्हटलं. आवाज माझा मलाच रोजच्यासारखा वाटला. "वाईट नव्हता तो. मला कधी टोचून बोलला नाही. पण आईचा होता, आणि त्यामुळे मी त्याच्याजवळ कधी गेले नाही. तो गेला तेव्हा मी रडले ते आई रडत होती म्हणून. मोजणी बरोबर आहे."

पडद्यावर निवासने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आणि याला दया मिळावी, असं तुमचं मत आहे?"

"मत मला विचारू नका. मी मोजणीला सही करायला आलेय."

सही केली. तासाभराने समितीने शिफारस सांगितली: फाशी रद्द, मरेपर्यंत कैद. ते गृहस्थ विरुद्ध होते. बाकी तिघं बाजूने.

परत येताना गाडी मी चालवत होते आणि आई शेजारी गप्प होती. मी तयारी करत होते. घरी गेल्यावर ती काय बोलेल त्याची सगळी वाक्यं माझ्या मनात तयार होती, आणि त्यातलं एकही चुकीचं आहे असं मला म्हणता आलं नसतं.

घरात शिरल्यावर तिने चप्पलही काढली नाही. दारातच मला धरलं आणि माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"किती खोटं बोललीस गं," ती म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "चार लोकांत स्वतःला एवढं वाईट म्हणवून घेतलंस. त्या पोरासाठी. माझ्यासाठी."

"आई, त्या मशीनला खोटं सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या."

"मशीनला काय कळतंय? आत पडल्या पडल्या मुद्दाम भलतंच मनात आणलं असशील. मी ओळखत नाही होय तुला? अभी म्हणजे जीव की प्राण होता तुझा."

निवासच्या तेहतीसवर तिचा पुरता विश्वास बसला होता. त्याच मशीनचे, त्याच कागदावरचे माझे एकसष्ट मात्र खोटे.

"आणि निवास बघ, एकोणीस!" ती रडता रडता हसली. "वरवर नुसती फणफणायचीस. मनात माया होतीच की तुझ्याही."

मी तोंड उघडलं. टोपीपासून सुरुवात करणार होते. तेवढ्यात तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि केसांवरून सावकाश खाली फिरवत म्हणाली, "माझी त्रिशला." तिने असं शेवटचं कधी म्हटलं होतं, ते मला आठवेना. कधी म्हटलं होतं की नाही, तेही.

चार परक्या माणसांसमोर खरं बोलायला मला दोन मिनिटंही लागली नव्हती. इथे मी तोंड मिटलं, आणि तिचा हात नीट पोचावा म्हणून मान जराशी खाली केली.